पायाळू पुस्तक

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी आधी पायांनी आलेला. आमच्या सोनपेठकडे कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात आणि दुखऱ्या जागी त्याचा पाय लावून घेतात. लहानपणी मी निम्म्या गावाच्या पाठीवर पाय दिलाय. ते पाय धरून मला सुखरूप बाहेर काढलं कडूबाईनं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून तिच्या आईबापानं असलं नाव ठेवलेलं. ती मातंग वस्तीत राहायची. गावात कुणाचीही बाई अडली की तिला बोलावणं जायचं. बाळंतपण उरकलं की तिच्या पदरात ज्वारी पडायची, आणि ती गेल्यावर आमच्या घरात ती बसलेली जागा शेणानं सारवून घेत. मी ते बघत मोठा झालो आणि मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. आता लिहिताना वाटतं, पण आता वाटून काय उपयोग?

शहाऐंशी साली मी आरोग्य सहायक होऊन गावच्याच दवाखान्यात आलो. तेव्हा सुईणींना शिकवायचं सरकारी काम निघालं होतं आणि ते माझ्याकडे आलं. पास होईल तिला कात्री, दोरा, साबण असलेली ॲल्युमिनियमची पेटी आणि प्रमाणपत्र मिळणार होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली ती कडूबाई.

"माजं नाव कंदीच कागदावर आलं न्हाई, लेकरा," ती म्हणाली. "औंदा येऊ दे."

मला मात्र बायांवर छाप पाडायची होती. परभणीत रद्दीच्या दुकानात मला एक जुनं पुस्तक सापडलं होतं. निजामाच्या काळात हैदराबादला छापलेलं, उर्दू, चामडी बांधणीचं. पोटातला जीव पहिल्या आठवड्यांपासून कसा घडतो याची हातानं रंगवलेली चित्रं त्यात होती आणि प्रत्येक चित्रावर पातळ कागदाचा पडदा. एका पानावर ओळीनं सहा गर्भ होते, भिंगातून पाहिल्यासारखे, सगळे सारख्याच आकाराचे. उर्दू मला ओ की ठो येत नव्हती. पण चित्राला कुठली आलीय भाषा, असं म्हणून मी ती ओळ मोठ्या कागदावर उतरवली आणि डावीकडून एक ते सहा आकडे घातले.

वीस बाया समोर बसल्या होत्या. मी छडी फिरवत सांगत सुटलो की आधी बोटं दिसतात, मग ती जुळून येतात, मग मागं शेपटासारखं वाढतं. आपण काय बोलतोय हे ऐकायला मला तोऱ्यातून सवड नव्हती.

कडूबाई उठून उभी राहिली. "लेकरा, उलटं सांगायलास. दोन म्हयन्याचं पडलेलं म्या हातावर घेतलंय, फडक्यात बांधून पुरलंय. त्येला अशी बोटं नसत्यात. तीन म्हयन्याच्याला असत्यात." मग तक्त्याकडं बघून हसली. "तुज्यावानी तुजं पुस्तकबी पायाळू हाय की रं!"

बाया पदर तोंडाला लावून खिदळल्या. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली.

"लेकरा नाही, साहेब म्हणायचं," मी ओरडलो. "तुला काय कळतं गं? खाली बस."

ती बसली. शेवटच्या दिवशी मी एकोणीस बायांना पास केलं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पुस्तक मांडीवर घेतलं. त्यांची शाळा निजामाच्या अमलातली, उर्दूतली. एका नजरेतच त्यांनी ओळीच्या उजव्या टोकाला बोट ठेवलं. "हा एकचा आकडा. उर्दू उजवीकडून वाचतात, भुजंगा. चित्रंसुद्धा."

मी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. आठ दिवस गप्प बसलो. नवव्या दिवशी कळलं, गावातल्या दिनकररावांच्या वाड्यावर बाळंतपणाला गेलेल्या कडूबाईला दारातूनच परत पाठवलं. पेटी नसलेल्या बाईला बोलावू नका, असं मीच गावभर सांगितलं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "तुझे पाय तिनं धरले होते."

मी पेटी आणि प्रमाणपत्र घेऊन तिच्या दारात गेलो. तिनं पेटीला हात लावला नाही.

"सगळ्या बायाम्होरं खाली बसवलं तुमी, सायब. सगळ्याम्होरं उठवा."

मी पुन्हा त्या विसांना बोलावलं. चूक माझी होती, हे तीन शब्द वाटेत चार वेळा घोकले होते. पण बायांच्या चाळीस डोळ्यांसमोर तोंडातून आलं ते वेगळंच.

"पुस्तकात छापायची चूक होती," मी म्हणालो. "कडूबाईचं बरोबर होतं."

तिनं पेटी घेतली, कागद घेतला. "ह्यात माजं नाव कुटं हाय?" मी दाखवलं. त्या अक्षरांवरून तिनं अंगठा फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"चूक पुस्तकाची व्हय? मंग पुस्तकाला नापास करायचं की, सायब. मला कामून केलं?"

या वेळी एकही बाई हसली नाही. पुढं माझी पाथरीला बदली झाली. गावी गेलो की ती वाटेत भेटायची, थांबून घरची ख्यालीखुशाली विचारायची. पण लेकरा म्हणाली नाही, शेवटपर्यंत सायबच म्हणाली.