ट्रॅक्टरचं न्हाणं

परवा सकाळी इंदिरानगरच्या घरी आमच्या चिरंजीवांनी गीझरमधलं सगळं गरम पाणी गाडी धुवायला नेलं. थंडीत हात गारठतात म्हणे... मी इतकी भडकले, की सून धावत आली.

खरं सांगायचं तर हा संताप जुना आहे. माझ्या माहेरच्या गावचा, येलहंक्याचा, साठच्या दशकातला.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. रागीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, मळणीचे दिवस आणि कडाक्याची थंडी. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, जुना डिझेल ट्रॅक्टर घेतला होता. पहाटे हँडल मारून मारून गडी घामाघूम व्हायचे, पण तो ढिम्म.

मग अण्णांनी उपाय काढला. रेडिएटरमधलं गार पाणी सोडायचं आणि उकळतं ओतायचं... पाणी कुठलं? न्हाणीघरातल्या हंड्यातलं! आईने उठून, ओली लाकडं फुंकून फुंकून, माझ्यासाठी आणि बाळासाठी तापवलेलं.

रोज हंडा ट्रॅक्टरच्या पोटात जायचा आणि आम्ही मायलेकरं उरल्यासुरल्या कोमट पाण्यात उरकायचो. बाळाला सर्दी झाली, छाती घरघरायला लागली, तरी अण्णांचं आपलं तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका सकाळी हँडलच सापडेना. अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. आई न्हाणीघराच्या दारात उभी होती, हँडल पदराखाली.

"स्वल्प थांबा," ती म्हणाली. "आधी बाळ-बाळंतीण. तुमचा ट्रॅक्टर बाळंत झाला, की त्यालाही न्हाऊ घालीन."

त्या दिवशी आम्ही दोघं कढत पाण्याने न्हालो. ऊन वर आल्यावर आईने हँडल दिलं आणि ट्रॅक्टर दोन फेऱ्यांत सुरू झाला... गरम पाण्याचा थेंबही न घालता.

आणि घाई तरी कसली? दव सुकल्याशिवाय रागी मळताच येत नाही! शेजारच्या मळ्यातल्या ट्रॅक्टरआधी आपला आवाज गावाला ऐकू जावा, एवढीच अण्णांची हौस. त्यापायी माझं लेकरू गारठत होतं.

आईला जाऊन खूप वर्षं झाली. तिने ज्याच्यासाठी हँडल लपवलं, ते बाळ आता साठीला आलंय... आणि परवा त्यानेच गाडीला न्हाऊ घातलं.

गाडीची किल्ली सध्या माझ्या पदराखाली आहे.