घासलेल्या काडतुसांना तेल कोण लावतं?

अमेरिकेत, नोव्हाय गावी आमच्या डिपार्टमेंटमध्ये प्रमोशनं ऑफिसात होत नसत, जंगलात होत. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. दर नोव्हेंबरात बॉस चार लाडक्यांना घेऊन हरणांच्या शिकारीला जायचा, आणि परत आल्यावर नवं प्रोजेक्ट त्यांच्यातल्याच कुणाला तरी मिळालेलं असायचं. डिझाइन माझं, गणितं माझी, आणि मीटिंगमध्ये बोलणार कोण, तर ज्याने हरीण पाडलं तो! मी ठरवलं, यंदा त्यांच्या जंगलातल्या लाकडी केबिनमध्ये शिरायचंच. बंदूक मी जन्मात धरली नव्हती. आमच्या घरात अंडं आणायलासुद्धा बायकोची परवानगी लागे.

बॉस आपल्या गोळ्या घरीच भरायचा. उडवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी गोळा करायची, साफ करायची, प्रेसमधल्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची. पुढे दारू तो भरणार. "साफसफाई मी करतो ना," मी लाळ घोटत म्हणालो. त्याने बादलीभर नळकांडी, प्रेस आणि आपला जपून वापरलेला साचा माझ्या गाडीत ठेवला. साच्यात घालण्याआधी प्रत्येकाला थोडं तेल चोळ, हे त्याने बजावून सांगितलं. मी मान हलवली. मान हलवण्यात आपला हात कोण धरणार!

दिवाळी तोंडावर आली होती. देवाची भांडी घासता घासता बायकोने बादलीत डोकावलं.

"अहो, पितळ आहे हे? आणि इतकं काळं? शी!"

"हरणं मारायला लागतं ते बॉसला."

"मारायला? आपल्या घरातून?"

"अगं, मारणार तो. आपण फक्त घासायचं."

हे तत्त्वज्ञान तिला पटलं नाही, पण काळं पितळ तिला त्याहून बघवेना. गॅरेजमध्ये चिंच-मीठ घेऊन आम्ही दोघं शनिवारभर घासत बसलो. नळकांडी हीटरपुढे वाळवली तेव्हा अशी लखलखत होती, की समईशेजारी मांडावीत.

मग मी तेलाची बाटली उघडली, तर ती ओरडलीच, "घासलेल्या पितळेला तेल कोण लावतं? परत काळं पडेल की!"

खरं सांगतो, मलाही पटलं. कोरडंच नळकांडं साच्यात घातलं आणि दांडा दाबला. आत गेलं. बाहेर येईना. जोर लावला तशी कड तुटली आणि बाकीचं आत घट्ट रुतून बसलं. बॉसचा साचा!

सोमवारी चोरासारखा त्याच्यापुढे उभा राहिलो. तो खो खो हसला. "नवशिका एकदा हे करतोच, काढतो मी," म्हणाला. मग बादलीत पाहून त्याने शीळ घातली आणि चारही लाडक्यांना बोलावून ती चमक दाखवली. माझी छाती फुगली. म्हटलं, हीच वेळ.

"मग यंदा मी येऊ का शिकारीला?"

"तू?" त्याला मनापासून आश्चर्य वाटलं. "तू तर मांसच खात नाहीस. तिथे येऊन काय करणार?"

ते गेले, आले. प्रोजेक्ट मिळालं ते केबिनमध्ये नुसता झोपून आलेल्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन बायकोपुढे तोंडाचा पट्टा सोडला: माणसाची किंमत नाही यांना, हमाल समजतात आपल्याला, आता बस्स झालं!

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाडीत काय आहे?"

चार बादल्या होत्या. चौघा लाडक्यांच्या.

"चिंच आहे का गं शिल्लक?" मी म्हणालो.