विमान उतरल्यानंतरचे तास

दौलत स्वतः जन्मात विमानात बसला नाही, पण दुबई तीन तास, सिंगापूर साडेपाच, फ्रँकफर्ट साडेआठ, सगळं त्याला तोंडपाठ. धंदाच तसा. डोंबिवलीत कुणी गेलं की तिरडीपासून शववाहिनीपर्यंत सगळं तोच बघतो. फोन उचलला की पहिला प्रश्न, "बाहेर कोण आहे? कुठल्या विमानतळावरून निघणार?" आता घरटी एक पोर परदेशी, मग करणार काय! विमानाचे तास मोजायचे, त्यावरून उचलायची वेळ ठरवायची आणि तोवर फ्रीजरची पेटी लावायची.

तीन वर्षांपूर्वी मात्र त्याने माती खाल्ली. आनंदकाका गेले आणि त्यांचा मुलगा सलिल दुबईहून निघाला. दौलतने छातीठोक सांगितलं, "अकराला उतरतोय, एकला घरात." विमान अगदी वेळेवर उतरलं हो! पण सलिल शीळफाट्याला अडकला तो अडकलाच. कंटेनर आडवा पडलेला. अडीच वाजले, नातेवाईक चुळबुळायला लागले, तसा दौलतच म्हणाला, "चला, उचलूया आता." सलिल स्मशानात धावत आला तेव्हा पुतण्याने अग्नी दिलेला. सलिल ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. दौलतला नुसतं विचारलं, "काका, किती मिनिटं झाली?"

वीस. फक्त वीस.

तेव्हापासून तो आवाज दौलतची पाठ सोडेना. आंघोळ करताना, रिक्षात बसल्यावर, घास तोंडात असताना. बायको कांता वैतागायची, "अहो, वीस वीस काय पुटपुटताय? कुणाशी बोलताय?" भूत असतं तर उतारा तरी टाकला असता. जिवंत माणसाच्या प्रश्नाला कसला आलाय उतारा!

म्हणून गेल्या महिन्यात सुमतीबाई गेल्या, तेव्हा दौलत हटूनच बसला. त्यांची एकुलती एक मुलगी योगिनी फ्रँकफर्टला, तिकीट दुसऱ्या दिवशीचं. "साडेआठ तास विमानाचे, वर वाटेतल्या अडचणींचे चार तास माझे. पोरगी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"अरे, दीड दिवस झाला!" योगिनीचे मामा भडकले. "गुरुजी कधीचे ताटकळलेत. तू कोण ठरवणारा?"

दौलत पेटीपाशी जाऊन उभा राहिला. तिथून हलला नाही.

चार वाजता योगिनी आली. दौलतने स्वतः झाकण उघडलं. सुटलो बाबा, असं मनात म्हणाला आणि त्याचे डोळेच भरून आले.

योगिनीने आईच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "काका, आई इतकी गार कशी हो?"

योगिनी खाली बसली, आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागली, ऊब यावी म्हणून. चोळतच राहिली.

"दौलत, अजून किती वेळ लागेल?" गुरुजींनी दारातून विचारलं.

दौलतला सांगता येईना.