आयव्हीने धरलेला डूख

इंग्लंडमधल्या कीथली गावात तबकड्या आणि स्पीकरांच्या शौकिनांचं ध्वनिप्रेमी मंडळ होतं, त्याचा चहा आयव्ही सगडन करायची. मंडळाचे अध्यक्ष बर्नार्ड पॉगसन यांच्या कपात ती न चुकता किटलीच्या तळाचा, उकळून उकळून कडू झालेला चहा ओतायची. बिस्किटंही त्यांच्या बशीत मोडकी. पॉगसन ते मुकाट्याने खायचे, प्यायचे आणि वर हसून "छान झालाय हं, आयव्ही" म्हणायचे. त्या माणसाला चहातला फरक कळत नव्हता, मग बाकीचं काय कळत असेल, असं ती मनात म्हणायची. पण एवढ्याने तिचं समाधान कसं व्हावं?

आयव्हीची हयात लोकरीच्या गिरणीत रफू करण्यात गेली. मागावरून उतरलेल्या कापडावरून बोटं फिरवायची आणि सुटलेला धागा, बसलेली गाठ हुडकून काढायची. दोष सापडला की सोडायचा नाही, हे तिच्या हाडीमासी खिळलं होतं. शेजारणी म्हणायच्या, हिच्याशी वाकडं घेऊ नका, ही मेल्यावरही आठवण ठेवेल.

नवरा क्लिफर्ड मात्र देवमाणूस. बस डेपोत मेकॅनिक होता आणि गावच्या बॅण्डमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, वाजवायचा. उन्हाळ्यात रविवारी बागेत बॅण्ड असे. आयव्ही खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत बसायची, मागे कोणी कुजबुज केली तर वळून असं बघायची की त्याची बोलतीच बंद. याच क्लिफर्डला कोणीतरी ध्वनिप्रेमी मंडळात नेलं आणि तिथे त्याचं वाटोळं झालं.

कारण काय, तर खिळे. स्पीकरच्या बुडाला चार कोपऱ्यांत पिळून बसवायचे टोकदार लोखंडी पाय. गालिच्यातून आरपार जाऊन ते खालच्या जमिनीवर घट्ट टेकतात, स्पीकर थरथरत नाही, मग आवाज कसा स्वच्छ, मोकळा होतो, असं पॉगसन सांगायचे. पॉगसन औषधांच्या दुकानाचे मालक, बोलणं ठासून, अंगात कोट. एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी प्रात्यक्षिक केलं. आधी बिनखिळ्यांचं ऐकवलं, चहानंतर तीच तबकडी खिळे लावून. सगळ्यांनी माना डोलावल्या. पॉगसन गमतीने म्हणाले, "आता कोणाला फरक जाणवला नसेल तर त्यानं हात वर करावा."

विचारलं म्हणून क्लिफर्डने हात वर केला. हॉलमध्ये तेवढा एकच हात.

"अरे क्लिफर्ड," पॉगसन म्हणाले, "बायको रफूवाली म्हणून कानांची भोकंही बुजवून घेतलीस का तिच्याकडून?"

हॉल हसून हसून लोटपोट झाला. क्लिफर्डही हसला म्हणे. घरी आल्यावर आयव्हीला सगळं जसंच्या तसं सांगितलं, जेवला मात्र नाही. बॅण्डच्या पुढच्या तालमीत तो मध्येच थांबून शेजारच्याला विचारू लागला, मी सुरात आहे ना रे? त्याच्या पुढच्या तालमीत पुन्हा तेच. मग एक दिवस कॉर्नेट पेटीत घालून त्याने पलंगाखाली सरकवलं. "कानांचा भरवसा राहिला नाही, आयव्ही," एवढंच म्हणाला. ती ओरडली, रडली, पेटी ओढून पुढ्यात ठेवली. त्याने काही ती उघडली नाही. काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने तो गेला.

आयव्हीने डोळे पुसले आणि मंडळाचा चहा करायचं काम मागून घेतलं. लोकांना वाटलं, बाईला विरंगुळा हवा असेल. विरंगुळा कसला, तिला पॉगसन नजरेसमोर हवा होता. जुने सभासद एकेक करून गेले, काही मुलांकडे राहायला गेले, नवे आले. आयव्ही हॉलमध्ये चहा द्यायच्या खिडकीत उभीच. त्या शनिवारचं पॉगसनचं बोलणं ती कप विसळताना रोज एकदा मनात म्हणायची, शब्दही इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही.

मग पॉगसननी अध्यक्षपद सोडायचं ठरवलं. निरोपाच्या सभेत आपलं गाजलेलं खिळ्यांचं प्रात्यक्षिक शेवटचं करून दाखवतो, म्हणाले. पण आता त्यांचे गुडघे वाकत नव्हते.

"आयव्ही, तुझ्या हातांना सवय आहे बारीक कामाची," चहाच्या वेळी ते खिडकीशी येऊन म्हणाले. "ट्रेव्हर स्पीकर कलता धरेल, तू खालून तेवढे खिळे पिळून दे बाई."

"देते की, मिस्टर पॉगसन," आयव्ही म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

मंडळी आल्याच्या केकवर तुटून पडली होती. खजिनदार ट्रेव्हरने दातओठ आवळून स्पीकर कलता धरला. त्याला बुडाखालचं दिसणं शक्य नव्हतं. आयव्ही गुडघ्यांवर बसली, थोडा वेळ हात फिरवल्यासारखं केलं आणि खिळे सरळ ॲप्रनच्या खिशात टाकले. दुसऱ्या स्पीकरलाही तेच. हॉलचा गालिचा असा जाड की त्याच्या लोकरीत बूड बुडूनच जायचं, खिळे आहेत की नाहीत कोण बघतो?

चहाआधी ऐकवलेली तबकडी पुन्हा लागली. मंडळींनी डोळे मिटले. ढोल कसा खणखणीत झाला, म्हणाला एक. गाणारी पुढ्यात येऊन उभी राहिली, म्हणाली दुसरी. ट्रेव्हर तर म्हणाला, पडदाच दूर झाला जणू. पॉगसन तृप्त चेहऱ्याने उभे होते.

"कोणाला फरक जाणवला नसेल तर हात वर करा," ते म्हणाले.

आयव्हीने हात वर केला.

लोक हसले. ती खिडकीआडून बाहेर आली, टेबलापाशी गेली आणि खिशातले खिळे एकेक करून टेबलावर ठेवू लागली. ट्रेव्हरचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"माझ्या नवऱ्यानं याच हॉलमध्ये हात वर केला होता," ती म्हणाली. "क्लिफर्ड सगडननं. तुम्ही सगळे त्याला हसला होता."

सभासद एकमेकांकडे बघू लागले. नवी सेक्रेटरी डेनीस हळूच म्हणाली, "क्लिफर्ड कोण? आम्हाला माहीत नाही हो, आयव्ही."

आयव्हीने सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. पॉगसन सोडले तर त्या दिवशी हसलेल्यांपैकी एकही जण तिथे उरला नव्हता, हे तिला आत्ता कुठे जाणवलं. ज्यांची नाकं ठेचायला ती आली होती, ती नाकं कधीच पांगली होती, कितीतरी तर दफनभूमीत जाऊन पडली होती. तिला संतापाने रडू येऊ लागलं.

"कॉर्नेट वाजवायचा तो," पॉगसन म्हणाले. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "बागेत. दर रविवारी जायचो मी ऐकायला, मागे झाडाखाली उभा राहायचो. नंतर दिसेना. मला वाटलं, आजारी असेल."

"आजारी नव्हता," आयव्ही म्हणाली. "तुझं ऐकून थांबला. कानांवरचा भरवसा उडवलास तू त्याचा. त्यानंतर कॉर्नेट ओठाला लावलं नाही त्यानं."

पॉगसन खुर्चीत बसले. चेहरा साफ उतरला होता. हाच चेहरा बघायला आयव्ही इतकी वर्षं तो कडू चहा ओतत आली होती. तो तिने आता डोळे भरून बघितला, आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग पॉगसन डेनीसकडे वळून म्हणाले, "बाकीचा बॅण्ड थांबला ना, तरी शेवटचा सूर तो जरासा लांबवायचा. अगदी जरासा. मग असा खाली सोडायचा, हलकेच. तसा सोडणारा दुसरा नाही ऐकला मी."

आयव्हीला ते आठवेना. ती पहिल्या रांगेत बसायची, दर रविवारी. पॉगसनचा टोमणा तिला शब्दन् शब्द पाठ होता, आणि क्लिफर्डचा तो सूर कानांत कुठेच नव्हता.

तिने खुर्ची ओढली आणि पॉगसनच्या समोर बसली. त्याच्यावरचा तिचा राग अजून तसूभर कमी झाला नव्हता.

"कसा सोडायचा?" ती म्हणाली. "नीट सांग."