मला अंगठा, त्याला रोफल

ग्रुपवरचे किस्से आणि ग्रुपवरचे 'शुभ सकाळ'चे फोटो, दोन्ही एकाच वेगानं साचतात. फोटो निदान पुसता येतात. किस्सा पुसायला गेलं की आधी तो कुणाला तरी सांगावासा वाटतो, आणि मग मी असा बसतो. आज बसलोच आहे तर चार-सहा सांगूनच टाकतो. आधीच कबूल करतो, यातले निम्मे मी जळून सांगणार आहे. जळतंय तर जळतंय, लपवायचं काय त्यात!

आमची मराठी शाळा सीमाभागातल्या कमलनगरहून जीपनं अर्ध्या तासावर. मी इतिहास शिकवतो. माझी बायको सुनंदा त्याच शाळेत गणित शिकवते. ती घरी मला 'अवो' म्हणते आणि शाळेत 'बिरादार सर'. शाळेच्या ग्रुपवर शिक्षक आहेत, शिपाई रशीद चाचा आहेत आणि पुण्या-मुंबईला गेलेले जुने विद्यार्थी आहेत. ॲडमिन मी. म्हणजे मान कुणी देत नाही, फक्त लोकांना आत घ्यायचं काम माझ्याकडं आहे.

* * *

आमचे हेडसर रोज सकाळी ग्रुपवर एक विनोद टाकतात. विनोद जुना असतो. काही इतके जुने की मी इतिहासाच्या तासाला वापरू शकेन. पण पहिली घंटा व्हायच्या आत प्रत्येकानं त्याच्याखाली हसायचं, हा आमच्या शाळेचा रिवाज आहे. आधी मस्टरवर सही, मग ग्रुपवर 'हा हा हा'.

एकदा मी राहिलो. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावलं.

"बिरादार, काल हसला न्हाईत कामून?"

"सर, काल रजेवर होतो."

"रजेत हसता येत न्हाई व्हय?"

मी तिथंच, त्यांच्या टेबलासमोर उभा राहून, कालच्या विनोदाला हसलो. त्यांनी ते मान्य केलं, पण उशिराची नोंद घेतो म्हणाले!

* * *

अशा शाळेत सिद्धार्थ सर आले. विज्ञानाचे. कडगंचीला युनिव्हर्सिटीत शिकलेले, वय सव्वीस, केस डोक्यावर पूर्ण. माणूस वाईट आहे असं मला म्हणायचंय, पण तसा एकही पुरावा आजवर सापडलेला नाही. पोरांना जीव लावतो, माझ्या हातातली पिशवी घेतो. त्यानंच तर जास्त जळतं!

त्यानं पहिल्याच आठवड्यात 'हा हा हा' बंद पाडलं. हेडसरांच्या विनोदाखाली नुसती तीन इंग्रजी अक्षरं टाकली, एल-ओ-एल. पुढच्या विनोदांखाली चार-चार अक्षरं आली. हेडसर गोंधळले. त्यांनी स्टाफची मीटिंगच लावली आणि सिद्धार्थ सरांना फळ्यासमोर उभं केलं.

"सर, हे लोल. म्हणजे मोठ्यानं हसलो. हे रोफल. म्हणजे जमिनीवर लोळून हसलो."

"आणि ते चार अक्षरांचं दुसरं?"

"ते लमाओ, सर." पोरगा लाजला. "म्हणजे... हसून हसून बूड गळून पडलं."

हेडसरांनी चष्मा पुसला, विचार केला आणि दुपारीच ग्रुपवर सूचना आली : "शाळेच्या वेळेत कुणीही लोलच्या पुढं जाऊ नये. लमाओ फक्त सुट्टीच्या दिवशी."

* * *

आता माझं दुखणं सांगतो.

एका रविवारी सिद्धार्थ सरांनी ग्रुपवर लिहिलं, "आपल्याकडं जीप भरल्याशिवाय सुटत न्हाई आणि भाषण मांडव रिकामा झाल्याशिवाय संपत न्हाई."

झालं! लोल, लोल, रोफल, लमाओ. नुसता पाऊस पडला. त्यात एक रोफल माझ्या बायकोचं!

सुनंदाचं! जी गणिताची बाई आजवर माझ्या एकाही विनोदाला हसलेली नाही. मी काहीही टाकलं की खाली अंगठा. नुसता अंगठा. बावीस वर्षांच्या संसारात मी किती मेहनत घेतली असेल या बाईला हसवायला! आणि हा कालचा पोरगा येतो आणि त्याला रोफल!

मी स्वयंपाकघरात गेलो. बाईसाहेब भेंडी चिरत होत्या. चेहरा सरळ. एक दात दिसेल तर शपथ.

"रोफल टाकलीस?"

"व्हय."

"लोळलीस कुठं? फरशी तर कोरडी दिसायलीय."

"भेंडी चिरून झाल्यावर लोळते."

"अगं, पण हा जीपचा विनोद माझा हाय! औरादच्या लग्नाला जाताना मी केला होता!"

"तवा आपण जीपमधीच होतो. ती तासभर भरायली नव्हती. कुणाला हसू येईल?"

"मग मला अंगठा कामून?"

"अंगठा म्हंजे वाचलं."

"वाचलं!"

"व्हय. सगळे वाचत बी न्हाईत."

त्या दिवशी भेंडी गोड लागली नाही. मला फार काही नको होतं. एक लोल. तीन अक्षरं. तीसुद्धा ग्रुपवर, सगळ्यांसमोर, माझ्या नावाखाली, तिच्या नावानं. एवढंच एक मनात धरून बसलो.

* * *

मध्येच रशीद चाचांचं सांगतो, नाहीतर राहून जाईल.

चाचांना टाईप करायचा कंटाळा. ते हसतात ते बोलून पाठवतात. पाऊण मिनिट खरंखुरं हसणं, मग खोकला, मग मागून चाचींचा आवाज, "क्या हुआ जी? पानी देऊँ?" ऐकणाऱ्याला विनोद माहीत नसला तरी हसू यावं असं ते हसणं. पण हे सगळं सिद्धार्थ सरांच्या विनोदाला. माझ्या विनोदाला काही नाही, खोकलासुद्धा नाही.

शेवटी एकदा घंटेजवळ गाठलंच. "चाचा, मेरे जोक को कायकू नै हँसते?"

चाचा फार भले माणूस. म्हणाले, "सर, आपका जोक सुबू आता. सुबू मेरे कू खाँसी रैती. हँसा तो दम लगता. शाम में भेजो."

मला पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी पाठवायला लागलो. त्याच आठवड्यात चाचा अंगठा टाकायला शिकले!

* * *

मग मी ठरवलं, हे हसणं खरं तरी असतं का ते बघू. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळे फोन घेऊन बसलेले. मी कोपऱ्यातून माझा एक ठेवणीतला विनोद ग्रुपवर सोडला आणि फोन न बघता तोंडं बघत बसलो.

समोर सिद्धार्थ सर. त्यांनी वाचलं. चेहरा असा, की मतदार यादीतली मेलेली नावं शोधायला बसलाय. बोटं हलली. माझा फोन वाजला. लमाओ!

मला आयुष्यात मिळालेलं पहिलं लमाओ, आणि देणाऱ्याचं नाकसुद्धा हललं नव्हतं. मला राहवलं नाही. "सर, निदान खांदे तरी हलवा की!"

बिचारा दचकला आणि खांदे हलवले. तेवढ्यात हेडसर दारात. त्यांनी फोन बघितला, घड्याळ बघितलं.

"सिद्धार्थ सर, आज सुट्टी हाय व्हय?"

माझ्यामुळं त्याला मेमो मिळता मिळता राहिला. मला वाईट वाटायला हवं होतं. सुनंदाला वाटलं. तिनं त्याला आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली! माझ्या वाटणीची!

* * *

आता शेवटचा सांगतो. हा आजवर मी कुणाला सांगितला नाही. ग्रुपवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे, ही गोष्ट वेगळी.

हसणारं कुणी मिळत नसेल तर आपणच एखादं तयार करावं, असं माझ्या मनानं घेतलं. माळ्यावर जुना फोन पडला होता. कमलनगरात सिम घ्यायची सोय नाही, दुकानदार माझाच विद्यार्थी. म्हणून उदगीरला गेलो, माझ्याच नावानं नवं सिम घेतलं आणि जुन्या फोनवर एक माणूस जन्माला घातला. नाव 'दत्ता, पुणे'. फोटोच्या जागी झेंडूचं फूल. आपला माजी विद्यार्थी म्हणून मीच त्याला ग्रुपमध्ये घेतलं.

हेडसरांनी विचारलंच, "कोणता दत्ता हो?"

"मधल्या बाकावरचा, सर. ध्यानात राहण्यासारखा नव्हता."

दत्ता गुणी निघाला. मी विनोद टाकला की पाच मिनिटांत त्याचं रोफल. "सर, तुमच्यासारखं कुणी न्हाई!" असंही एकदा लिहिलं त्यानं. मला वाटलं, एक हसला की दुसरा हसतो, दुसरा हसला की सुनंदा हसेल.

चौथ्या दिवशी सुनंदानं ग्रुपवर लिहिलं, "दत्ता बाळा, पुण्यात जेवणाचं काय करायलास?"

बाईंनी विचारलं म्हणजे उत्तर द्यायला हवं. मी गोठ्यात जाऊन जुन्या फोनवर लिहिलं, "बाई, मेस आहे. पण आमटी इतकी पातळ, की ताटात स्वतःचं तोंड दिसतं. मी आधी भांग पाडतो, मग जेवतो."

मी घरात परत येतोय तोवर खाली सुनंदाचं रोफल! त्याखाली आणखी एक, लमाओ! शनिवार होता, सुट्टीचा दिवस नव्हे, आणि बाईचं हेडसरांचा नियम मोडून लमाओ!

आता ऐका. हाच विनोद, हाच, मी लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या आमटीवर केला होता. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी!

तेव्हापासून घरात दत्ता सुरू झाला. "आज दत्ताचं काय आलं न्हाई." "दत्ताला सर्दी झाली असंल." "अवो, त्या पोराकडनं काहीतरी शिका, कसं हसत-खेळत बोलतंय!" मी शिकवलेला, मीच ज्याचा बोलविता धनी, माझ्याच खिशातला दत्ता, आणि मला त्याच्याकडनं शिकायला सांगायली! सिद्धार्थ सरांचं मी विसरूनच गेलो. मला आता रात्रंदिवस दत्ताचं दुखायला लागलं. दोनदा तो फोन ज्वारीच्या पोत्यात खुपसून ठेवला. दोनदा मीच काढला, कारण ती वाट बघायली होती.

आणि मग तो रविवार. दुपारची वेळ. सुनंदा ओसरीवर सूप घेऊन ज्वारी पाखडायली. मी आत बाजेवर, दोन्ही फोन उशाला. सूप थांबलं. तिनं काहीतरी टाईप केल्याचा आवाज आला, आणि दोन्ही फोन एकदम थरथरले.

"दत्ता, दिवाळीला गावाकडं आलास की घरी ये. तुला धपाटे करून घालते. दह्यासंगं."

धपाटे! महिना झाला मी धपाटे मागायलोय! 'वेळ न्हाई, पेपर तपासायचे हाईत' असं ऐकायलोय! माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हाताला येईल तो फोन उचलला आणि ठोकलं :

"त्याला धपाटे? आणि मी मेलो व्हय? महिना झाला मागायलोय! नवरा मी हाय तुझा!"

पाठवलं. मग बघितलं. हातातल्या फोनवर झेंडूचं फूल होतं.

पुसायला गेलो तर त्या जुन्या फोनवर पुसायचं बटण सापडेना. तोवर एकेक जण वाचून बसला. सगळ्यात आधी रशीद चाचा बोलले, फक्त दोन शब्द, "या अल्लाह!" मग सिद्धार्थ सरांनी काहीतरी लिहायला घेतलं, थांबले, पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले. मग हेडसरांचा मेसेज आला :

"दत्ता, उद्या पालकांना घेऊन ये."

मी एक फोन या हातात, एक त्या हातात असा उंबऱ्यात येऊन उभा राहिलो. सुनंदानं आपल्या फोनकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. माझ्या डाव्या हाताकडं, मग उजव्या हाताकडं.

तिच्या हातातलं सूप खाली पडलं. ज्वारी ओसरीभर. तिनं खांब धरला, तोंडाला पदर लावला, आणि जी हसायला लागली, जी हसायला लागली, आवाजच फुटेना. डोळ्यांतनं घळाघळा पाणी. "दत्ता...!" म्हणायची आणि पुन्हा खाली बसायची. कोंबड्या येऊन ज्वारी टिपायला लागल्या, तिला शुद्ध नाही. बावीस वर्षांत या बाईला मी असं हसताना बघितलं नव्हतं.

मी धावत गेलो, ज्वारीत पडलेला तिचा फोन उचलला, धोतराला पुसला आणि तिच्या हातात कोंबला.

"अगं, नुसती हसायलीस काय! टाईप कर! टाईप कर की!"