भिंतीवरची पाखरं
आमचे हे म्हणजे एक नंबरचे हट्टी. जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधली, निवृत्त झाले तरी हाताला चैन नाही. घरात कागद दिसायचा अवकाश, त्याला घडी पडलीच म्हणून समजा. एकदा माझ्या औषधाच्या चिठ्ठीचा बगळा करून ठेवला आणि मी घरभर चिठ्ठी शोधतेय!

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर त्यांनीच ह्यांना लहानाचं मोठं केलं. त्या पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मागची खोली त्यांना दिली. पडल्यापासून बाईंनी बोलणंच टाकलं. जेवण म्हणाल तर दोन घास, तेही माझ्या तोंडाच्या पट्ट्याला भिऊन. हे आतून पार खचले होते.

मग ह्यांनी जाड पांढऱ्या कागदाची एक फांदी घडवली. कात्री नाही, डिंक नाही, नुसत्या घड्या. कागद जरासा ओलवायचा, हळूच वाकवायचा, वाळला की तसाच ताठ राहतो. फांदीवर तशीच घडीची पाखरं बसवली आणि ती बंद खिडकीच्या काचेशी ठेवली. दुपारी ऊन आलं तशा पलंगासमोरच्या भिंतीवर सावल्या पडल्या. एक दिसे, एक नाहीशी होई, मधूनच सगळा थवा फडफडे. वन्सं टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "अरे, ते कोपऱ्यातलं पाखरू भारी वांड आहे बरं का."

हे बाहेर जाऊन रडले. त्या दिवशी वन्सं पोटभर जेवल्या.

तेवढ्यावर थांबावं की नाही! पण ह्यांना सावल्या पुसट वाटायला लागल्या. खिडकीबाहेर आमचं जुनं झाड, त्याच्या पानांतून गाळून ऊन यायचं. "ताईला नीट दिसायला पाहिजे," हाच घोषा. मी म्हटलं, "अहो, बरं चाललंय ना? कशाला नसती उठाठेव?" कोण ऐकतंय! फांद्या उतरवायला माणूस बोलावला. तो वर चढलेला, हे आत भिंतीशी उभे. एक फांदी पडली की सावली बघायची आणि ओरडायचं, "अजून जरा!" असं अजून जरा, अजून जरा करता करता नुसता बुंधा उरला.

दुसऱ्या दिवशी काय सावल्या पडल्या म्हणता! चोच न् चोच, घडी न् घडी. हे हरखून म्हणाले, "बघ ताई!"

वन्संनी बराच वेळ बघितलं. "अरे, मेली का रे सगळी?"

पाखरं उडत होती ती बाहेरच्या पानांमुळे, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. हे तसेच अंगणात धावले, पडलेली एक फांदी उचलली आणि खिडकीबाहेर उन्हात हलवत उभे राहिले. भिंतीवर फडफड झाली. वन्सं हसल्या.

तेव्हापासून रोज दुपारी हेच. पण तोडलेल्या फांद्यांची पानं किती टिकणार? सुकली, गळाली, संपली. काल हे कोयता घेऊन शेजाऱ्यांच्या कुंपणातल्या झाडाकडे निघाले. मी आडवी गेले.

"अहो, आता त्यांचंही?"

हे थांबले. मान खाली, कोयता हातातच. तेवढ्यात आतून वन्संची हाक आली, "अरे, पाखरं उडव ना."

मी बाजूला झाले.