मिठाच्या ग्रहाचा चौथा भाग

दिवाळीनंतरचा तिसरा रविवार, सकाळी साडेदहा. जागा: जऊळक्याला दादाच्या घरची समोरची खोली. हजर: मी, रिसोडहून. माझी बालमैत्रीण, वाशिमहून. वहिनी, खोली आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात. दादा, स्वतःच्याच घरात चाळीस मिनिटं उशिरा.

काम एकच ठरलं होतं. लहानपणी ज्या टीव्ही मालिकेवरून आम्ही भांडलो, तिच्यातल्या वादाच्या तीन गोष्टी पुन्हा पाहायच्या आणि वहीतले गुण एकदाचे पक्के करायचे. तीन रविवार, तीन गोष्टी. पहिले दोन रविवार झाले होते आणि त्यातून काहीही पक्कं झालं नव्हतं.

मालिका परदेशी, अंतराळातली, आमच्याकडे हिंदीत यायची. एक गोष्ट चार रविवार चालायची. मालिका अजून सुरू आहे; यानाचा कप्तान तेवढा दर काही वर्षांनी नवा येतो. आम्ही पाहिलं ते जुनं, पुठ्ठ्याच्या भिंतींचं यान. त्या काळातल्या काही गोष्टींवरून अनोळखी माणसं मोबाइलवर आजही एकमेकांना वाट्टेल ते बोलतात, हे मला यंदाच कळलं. एकाला जी गोष्ट सगळ्यात टुकार वाटते, ती दुसऱ्याला सगळ्यात थोर. आमचं भांडण घरातलं होतं, इतकाच फरक.

वही माझी. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी रकाने आखले होते: गोष्ट, भाग, माझे गुण, दादाचे, मैत्रिणीचे, शेरा. कोणाचा भाग चुकला तर ज्याने पाहिला त्याने सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकून गुण द्यायचे, असा नियम होता. तोही मीच केलेला.

मैत्रिणीचे वडील रेल्वेत होते. गावातली वीज कधीही जायची, पण स्टेशनच्या क्वार्टरची लाइन वेगळी, म्हणून टीव्ही बघायला आम्ही तिच्याकडे. ‘मिठाचा ग्रह’च्या चौथ्या रविवारी तिच्याकडे पाहुणे आले आणि तिच्या आईने आम्हाला दारातूनच परत पाठवलं. गावात वीज नव्हती. शेवटचा भाग एकट्या मैत्रिणीने पाहिला आणि सोमवारी शाळेच्या रस्त्यावर आम्हाला सांगितला. मीठ वितळतं, यान सुटतं, आणि मिठात रुतलेला यंत्रमाणूस ऐन वेळी उठून यानाची शिडी धरतो. मी नऊ गुण दिले. दादा म्हणाला, त्याची बॅटरी तर तिसऱ्या भागात काढून यानाला लावली, मग उठला कसा? ती म्हणाली, उठला म्हणजे उठला. दादाने शून्य दिलं आणि शेरा सांगितला. तो मी लिहिला, चांगल्या अक्षरात: ‘सांगणारी थापाडी.’

वही वर्गात फिरली आणि ते नाव तिला चिकटलं. गेल्या वर्षी तिच्या मुलीच्या लग्नात दादाने व्याह्यांकडच्या पाहुण्यांशी तिची ओळख त्याच नावाने करून दिली. सगळे हसले, तीही हसली. मग हातातली वाढायची पळी भांड्यात ठेवून आत गेली आणि पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही. हे निस्तरायचं, असं मी त्याच दिवशी माझ्या कामांच्या यादीत लिहिलं. यंदा मालिकेचे जुने भाग मोबाइलवर सापडले, तेव्हा वाटलं, झालं काम. चौथा भाग दादाला दाखवायचा की विषय संपला.

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. पहिल्या रविवारी आरशातून माणसं येतात ती गोष्ट पाहिली. दादाने तेव्हा तिला दहा गुण दिले होते. आता राक्षस दिसताच तो म्हणाला, हे तर पोत्यात शिरलेलं माणूस हाये. मग गुण कमी कर, असं मी म्हटलं, तर म्हणाला, तवाचे मार्क तवाचे. दुसऱ्या रविवारी एकाच खोलीत घडणारी गोष्ट. माझी सगळ्यात आवडती; मला झोप आली. मैत्रिणीने तिला तेव्हा दोन गुण दिले होते. आता तिने डोळे पुसले आणि गुण मात्र सांगितले नाहीत. कशावर तरी पक्कं बोट ठेवा ना. मी दोन्ही वेळा वही उघडून पेन धरून बसले होते.

मिठाची गोष्ट आधी घेऊ असं मी म्हणत होते, पण मैत्रीणच ती पुढे ढकलत राहिली. आधी म्हणाली, दुसरी लाव. मग गुडघे दुखतात म्हणाली. हा सगळा खटाटोप तुझ्यासाठीच चाललाय, असं मी तिला फोनवर जरा तोडूनच बोलले.

तिसऱ्या रविवारी तीन भाग सलग झाले. वहिनी मधूनमधून विचारायची, हा मेला तो कोण, आणि मला मागे जाऊन दाखवावं लागायचं. चौथा भाग लावणार तोच दादाचा फोन वाजला. शेतावरची लाइन आली होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. मोबाइलवरून मोटार सुरू करायचं यंत्र त्याच्याकडे आहे, पण ते बंद पडलेलं. दुरुस्त करून घे म्हणून मी दोन्ही रविवारी सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. तो चपला शोधत म्हणाला, “तुमी पाहा. मले मालूम हाये. तो उठत नाही.”

ज्या विजेने तेव्हा चौथा भाग घालवला, तिनेच आता दादाला नेलं. वहिनी भाकरी टाकायला आत गेली. उरलो दोघी.

मीठ वितळलं. यान सुटलं. कप्तान दारात उभा राहून खाली बघत राहिला. यंत्रमाणूस जिथे होता तिथेच राहिला, त्याच्या छातीवरचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मला वाटलं, भाग कापलेला असेल. मागे जाऊन पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा मैत्रिणीने माझा हात धरला.

“नको लावू वं. तो नाही उठत.”

मग काहून सांगितलं होतं तसं, असं मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण वहिनीने आतून डोकावून पाहिलं.

“तिसरा भाग झाल्यावर तू दोन दिवस जेवली नव्हती, त्या पत्र्याच्या माणसासाठी. सोमवारी रस्त्यात सगळ्याइच्या आधी तूच इचारलं, आला का तो वर. म्या म्हटलं, आला.” माझा हात सोडून ती म्हणाली, “बाकी समदं खरं सांगतलं.”

मला तिचा राग आला. तीस वर्षं दादाचे टोमणे खाल्ले, एक दिवस बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं? ती म्हणाली, तू लगेच नऊ मार्क लिहले, मंग कोणत्या तोंडानं सांगू? शेरासुद्धा माझ्याच हातचा.

दादा चिखलाच्या पायांनी परत आला आणि ओट्यावरूनच ओरडला, “काय थापाडे, उठला का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, पाय धू आणि आधी जेवून घे. जेवताना त्याने पुन्हा विचारलं नाही. तो मोटारीबद्दल बोलत होता. मीही विषय काढला नाही. काढायला हवा होता.

तिची गाडी आधी आली. चढताना ती एवढंच म्हणाली, तुले काय लिहायचं ते लिही.

रिसोडला आल्यावर यादी पुढे घेतली. तीन गोष्टी पाहणे: झालं. मोटारीचं यंत्र: पुन्हा सांगितलं. दादाचं शून्य बरोबर निघालं, ते तसंच राहील. माझे नऊ मी खोडले. जुना शेराही खोडला, कागद फाटेल इतका. त्या जागी काय लिहायचं ते तीन वेळा वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी ती खोटं बोलली हे आधी येतं आणि कोणासाठी ते नंतर. ते उलट्या क्रमाने दादाला सांगायला फोन करायचा आहे. शेऱ्याचा रकाना अजून रिकामा आहे.